एक्सप्लिकारे : घडी मोडणे

"आपल्याकडे इस्त्रीचा व्यवसाय आहे का?"

मॅडमनी असं विचारलं. आपल्याकडे. पुण्यात माणसाला खाली बसवायचं असलं की आधी त्याला आपण म्हणतात.

शनिवारची सकाळ. डेक्कनकडची एक जुनी संस्था, दुसरा मजला, लॅटिनचा वर्ग, तिसरा आठवडा. आम्ही अकराजण. कायद्याचे विद्यार्थी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. फळ्यावर एकच शब्द होता. एक्सप्लिकारे. मॅडमनी तो फोडून दाखवला. एक्स म्हणजे बाहेर. प्लिका म्हणजे घडी. रोमन लोक समजावून सांगण्याला हा शब्द वापरायचे. "आता याला नेमकं मराठी क्रियापद सांगा," मॅडम म्हणाल्या. "संस्कृतच्या कुबड्या न घेता."

कुणी म्हणालं, विशद करणे. कुणी म्हणालं, विवरण करणे. मॅडम नकारार्थी मान हलवत होत्या. मला उत्तर येत होतं. इतकं येत होतं की हात वर करायच्या आधीच तोंडातून गेलं.

"घडी मोडणं."

वर्ग हसला. मागून काका म्हणाले, "मोडली! लॅटिनची घडी मोडली!" त्यावर आणखी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न विचारला.

मी म्हणाले, "हो. आईचं इस्त्रीचं टेबल आहे. धायरीत."

"तरीच," मॅडम म्हणाल्या. फळ्याकडे वळल्या आणि लिहिलं, उलगडणे.

तरीच. एवढंच. शिवी नाही, चढा आवाज नाही. तक्रार करायची म्हटली तर कागदावर काय लिहिणार? पण त्या एका शब्दाने मला उचललं आणि जिथून आले होते तिथे नेऊन ठेवलं. आणि उलगडणं म्हणजे तरी दुसरं काय? घडी मोडणंच. फक्त त्यात कुणाचे हात दिसत नाहीत.

मी लॅटिनला हौसेने गेले नव्हते. ते आधी सांगते.

आमचं घर धायरीतलं. टॉवरांची धायरी नाही, जुनं गाव. आम्ही परीट. गाव शहरात गेलं तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना बिल्डर भेटले, काहीजण स्वतःच बिल्डर झाले. आमची जमीनच नव्हती. आम्हाला पार्किंग मिळालं. एका सोसायटीच्या बी विंगला, जिन्याखाली, टेबल मावेल एवढी जागा. बाबा गेल्यावर आई तिथे उभी राहिली. बावीस वर्षं उभी होती. मी त्या टेबलाखाली बसून शाळेचा अभ्यास केला. वर इस्त्री फिरायची, खाली मी पाढे म्हणायचे. इस्त्रीच्या दणक्याने पाढे आपोआप तालात यायचे.

मग सोसायटीत नवी कमिटी आली. पार्किंगमध्ये झाडाच्या कुंड्या ठेवायच्या ठरल्या. आईच्या हातात एक नोटीस दिली. त्यात शेवटी लिहिलं होतं की सदर महिलेस या आवारात व्यवसाय करण्याचा कोणताही लोकस स्टँडाय नाही.

मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लोकांस स्टँड न्हाई, तर न्हाई. आपल्याला कशापायी हलवत्यात? आपली काय रिक्षा हाय का स्टँड लागाया?"

मी हसले. मग मला कळलं की मलाही अर्थ माहीत नाही. मी बी.ए. झालेली. कॉलेजपासून संघटनेची पत्रकं काढणारी. फीवाढ, वसतिगृह, हातगाडीवाले, सगळ्यांची पत्रकं मी लिहिली आहेत. दोन पानं, वर ठळक मथळा, खाली मागण्या. आणि माझ्याच आईला कुठल्या शब्दाने हाकलतायत ते मला माहीत नाही. मी तिला म्हणाले, "वकिली शब्द आहे. म्हणजे हक्क नाही." नंतर जिन्यात बसून फोनवर पाहिलं. लॅटिन शब्द. शब्दशः अर्थ, उभं राहण्याची जागा.

आई बावीस वर्षं उभी होती. त्याच जागी. तिच्या पायांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या होत्या. आणि त्यांनी तिला एका मेलेल्या भाषेत कळवलं की तुला उभं राहायला जागा नाही.

मी पत्रक काढलं. सोसायटीच्या गेटवर वाटलं. चेअरमन खाली आले, पत्रक घेतलं, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं. तो शर्ट आईनेच इस्त्री केलेला. म्हणाले, "ताई, पत्रकं काढून काय होतं? आधी शब्दांचे अर्थ तर समजून घ्या."

"घेते," म्हटलं.

तर अशी मी लॅटिनला गेले. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी. तिथे एका विम्याच्या कंपनीचं काम चालतं. फोन आला की लोकांना त्यांच्याच पॉलिसीतल्या अटी समजावून सांगायच्या. दिवसभर. कानाला यंत्र लावून, गोड आवाजात. "सर, मी आपल्याला समजावून सांगते." त्यांनी सही केलेला कागद त्यांना कळत नाही, कारण तो कळू नये असाच लिहिलेला असतो. आणि तो कळवायला आम्हाला बसवलेलं असतं. येताना कंपनीची बस, मग पीएमटी, मग चालत. शनिवार-रविवार लॅटिन.

मला कशाचा थकवा आला आहे ते नीट लिहिते, कारण तो बसचा नाही. समजावून सांगण्याचा थकवा आहे. फॉर्मवर जात लिहिली की समजावा. सवलत घेतली की का घेतली ते समजावा. नाही घेतली तर का नाही ते समजावा. आई काय करते? समजावा. मग लॅटिन कशाला? तेही समजावा. समोरचा आरामात टेकून बसलेला असतो. म्हणतो, "नाही, मला खरंच समजून घ्यायचं आहे." आणि आपण पहिल्यापासून सुरू करायचं. दर वेळी पहिल्यापासून. त्याला कधीच काही समजावून सांगावं लागत नाही. तो असतो, एवढं पुरतं.

मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहितानाच कंटाळा येतो, पण ते खरं आहे. सत्तरीच्या होत्या. शिकवायच्या असं, की एकेक शब्द हातात धरून बघावासा वाटे. माझा उच्चार त्यांनी घासून घेतला. "स्टँडाय नाही. स्तान्दी. इंग्रजांनी बिघडवलेलं आपण कशाला चालवायचं?" मला विचारलं, हा शब्द का हवाय. मी सांगितलं. त्यांनी शब्द फळ्यावर लिहिला. मग म्हणाल्या, "जेरंड आहे, क्रियापदापासून केलेलं नाम. षष्ठी. उभं राहण्याचं स्थान. व्याकरण चोख आहे हो." नोटिशीबद्दल काही बोलल्या नाहीत.

तीनेक महिन्यांनी एका शनिवारी त्यांनी मला थांबवून घेतलं. संस्था एक छोटा शब्दसंग्रह काढणार होती. लॅटिनमध्ये समजावणे, अर्थ लावणे, मांडणे यासाठी जे शब्द आहेत ते सगळे, मराठी अर्थांसह, कायद्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. मॅडम म्हणाल्या, "ते तुमचं घडी मोडणं. ते ठेवू या. लोकभाषेतलं आहे, छान वाटतं." आपणवरून तुम्हीवर आल्या होत्या. मला ते बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, मला बरं वाटलं.

मी कार्डं करू लागले. एका शब्दाला एक कार्ड. आणि खरं सांगते, मला त्या शब्दांचं वेड लागलं. एक्सप्लानारे. सपाट करणे. चुण्या काढून सपाट करणे, म्हणजे समजावणे. मी कार्ड हातात घेऊन हसत बसले. रोमन लोकांचे समजावण्याचे दोन मोठे शब्द, एक घडी मोडण्याचा, एक सपाट करण्याचा. दोन्ही आमच्या टेबलावरचे. मग इम्प्लिकारे. घडीत अडकवणे. मग एक्स्पोनेरे. बाहेर मांडणे. माल मांडणे, विचार मांडणे. आणि नको असलेलं मूल घराबाहेर नेऊन ठेवणे, त्यालाही तोच शब्द. ते कार्ड लिहून मी उठले आणि पाणी पिऊन आले. मग इंतेरप्रेस. दुभाषा, अर्थ सांगणारा. पण त्याच्या आधीचा अर्थ, दोघांच्या मधला माणूस. सौदा जुळवणारा. दलाल.

मॅडमनी कार्डं पाहिली. एका जागीही लाल पेन लावलं नाही. म्हणाल्या, "आतल्या पानावर तुमचं नाव घालू. संपादन साहाय्य. आणि जूनपासून संस्थेत साहाय्यकाची एक जागा निघते आहे. मी शब्द टाकते."

जागा. मला खिडकीजवळचं टेबल दिसू लागलं. माझं. शब्दांचं. मी घरी येऊन आईला सांगितलं की बसून करायचं काम आहे.

"बसून?" आई म्हणाली. "दिसभर?"

"दिवसभर."

"मंग हिंजवडीतबी बसूनच असतीस की."

"तिथे बसवतात, आई. इथे मी बसणार."

आईला ते पटलं. तिने ट्रंक उघडली आणि साडी काढली. माझ्या पहिल्या पगारातून मी तिला घेतलेली इरकली, हिरवी, लाल काठाची. चार वर्षं ट्रंकेत होती. आमच्यात नव्या साडीची घडी स्वतःच मोडत नाहीत. जिच्यावर जीव आहे तिला आधी नेसायला द्यायची. ती नेसली, घडी मोडली, की मग आपण. आई म्हणाली, "तुझं नाव छापून येऊ दी. त्या दिशी तूच मोड." आणि परत ट्रंकेत ठेवली.

प्रकाशनाच्या आठ दिवस आधी मॅडमना कल्पना सुचली. त्या खरंच उजळल्या होत्या. "तुमच्या आईंना घेऊन या. व्यासपीठावर. एक्सप्लिकारेचं जिवंत प्रात्यक्षिक! इस्त्री नको, वायरिंगचा प्रश्न येतो. नुसती घडी मोडून दाखवतील. मी शब्द फोडत जाईन. आणि तुम्ही मध्ये उभ्या राहा, त्या काही बोलल्या तर सांगायला."

मला त्याच क्षणी नाही म्हणता आलं असतं. पण जून डोळ्यांसमोर होता. मी म्हणाले, "विचारते." इम्प्लिकारे. कार्ड माझ्याच अक्षरातलं होतं.

"एखादी कोरी साडी आणायला सांगा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे घडी मागपर्यंत दिसेल."

मी आईला म्हणाले, आपण कुणाची तरी मागून नेऊ. आई म्हणाली, "कोरी पायजे म्हनल्यात ना? कोरी एकच हाय."

"अगं, ती तू ठेवली होतीस..."

"तुझ्या नावासाठनंच ठिवली हुती. त्येच हाय की कारन."

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत शाली, मागे विद्यार्थी. व्यासपीठावर तीन खुर्च्या. अध्यक्षांची, पाहुण्यांची, मॅडमची. एक टेबल, त्यावर पांढरं कापड. टेबलामागे आई उभी. तिच्यासाठी खुर्ची नव्हती. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती असं नाही. कुणाला सुचलंच नव्हतं. ती इस्त्रीवाली, ती उभीच असणार. मी तिच्या शेजारी, हातात माइक.

आईने साडी काढली. दोन्ही हातांवर घेतली, पदराकडची बाजू आपल्याकडे. पहिली घडी मोडली. "एक्स!" मॅडम म्हणाल्या. दुसरी मोडली. "प्लि!" आई थांबली. तिला वाटलं काही चुकलं. मॅडमनी हाताने खूण केली, चालू द्या. तिसरी. "का!" चौथी. "रे!" टाळ्या झाल्या. लोकांनी फोन वर धरले. चार वर्षं जपलेली घडी तीस सेकंदांत चार तुकड्यांत मोडून झाली, आणि हिरवी साडी पांढऱ्या कापडावर पसरून राहिली. मी आईकडे पाहिलं नाही.

मग मॅडमनी, कार्यक्रम रंगतोय म्हणून असेल, एक प्रश्न विचारला. "बाई, सांगा बरं, घडी मोडताना काय वाटतं तुम्हाला?"

लोक हसायच्या तयारीत होते. पण आईने प्रश्न खरा धरला. तिला कुणी कधी असं विचारलंच नव्हतं. तिने कापडावरून हात फिरवला. मग माइककडे न बघता, साडीकडे बघून बोलली.

"कापडाला समदं ध्यानात ऱ्हातंय. पयली घडी जिथं घातली, तिथंच ते पुन्यांदा वाकतंय. वरनं कितीबी इस्त्री फिरवा. नवी घडी घालायची आसंल तर पानी मारून जुनी मरू द्याया लागती. जुनी मेल्याबिगर नवी बसत न्हाई."

सभागृहात खसखस पिकली. कुठून तरी मुलीचा आवाज आला, "किती क्यूट." मॅडम हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे वळल्या आणि माइकवर म्हणाल्या,

"वा! आता हे जरा मराठीत सांगा."

मी खोटं लिहिणार नाही. माझं तोंड उघडलं. "म्हणजे आईचं म्हणणं असं आहे की..." एवढं मी बोलले. माइकवर बोलले. सवयच होती. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपमान नव्हता. ती वाट बघत होती. मी सांगेन म्हणून. नेहमीसारखी.

नेहमीसारखी. बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात, दवाखान्यात. "आई, तू थांब. मी सांगते." दहा वर्षांची असल्यापासून मी तिचं मराठी मराठीत सांगत आले होते. हाय काढायचा, आहे घालायचा. न्हाई काढायचं, नाही घालायचं. चुण्या काढून सपाट करायचं. मला वाटायचं मी तिला सोपं करून देतेय. मी दोघांच्या मधे उभी होते. दलाल. आणि प्रत्येक वेळी समोरच्याला एकच गोष्ट पटवत होते, की हिने बोललेलं मोजायचं नसतं.

माझं वाक्य 'की'वर लटकलेलं होतं. लोक पुढचं ऐकायला थांबले होते.

मी म्हणाले, "त्या मराठीतच बोलल्या."

आईला मी पहिल्यांदा त्या म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मॅडम जरा चपापल्या. मग सावरल्या. "हो हो, अर्थातच. पण सगळ्यांना कळायला हवं ना."

"कुठला शब्द कळला नाही?"

"तसं नाही हो..."

"सांगा ना. मी कार्ड करते."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्ष समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचू लागले. आईने माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. तिला काय झालं ते पुरतं कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. ती माइकजवळ वाकली आणि म्हणाली, "ऐकू न्हाई आलं काय? पुन्यांदा सांगती." आणि तेच बोलली. तेच शब्द, त्याच क्रमाने. फक्त मोठ्याने आणि सावकाश, जसं कानाने कमी असलेल्या माणसाशी बोलतात तसं. शेवटचं वाक्य संपेपर्यंत सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता.

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या. "आपण बसा आता."

पुन्हा आपण.

आईने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, कुठे बसायचं ते. तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. मी माइक टेबलावर ठेवला. साडीचं एक टोक मी धरलं, एक आईने. आम्ही दोघींनी ताणून धरली, जशी लहानपणापासून धरतो, ती मागे, मी पुढे, मग टोकाला टोक. मॅडमना बाजूला सरकावं लागलं. घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उतरलो.

जिन्यात बँकेचे काका मागून आले. धापा टाकत होते. "अगं मुली, एक वाक्य तर होतं. सांगून टाकायचंस. एवढ्यासाठी कशाला..."

"काका, तुम्हाला कळलं का आई काय म्हणाली ते?"

"कळलं की. न कळायला काय झालं?"

"मग मी कुणासाठी सांगायचं होतं?"

काकांनी जिन्याचा कठडा धरला. आईच म्हणाली, "सावकास उतरा, सायेब. पायऱ्या गुळगुळीत हायेत."

सोमवारी मॅडमचा निरोप आला. फोनवर, व्यवस्थित विरामचिन्हांसह. आपल्याकडून अधिक समंजसपणाची अपेक्षा होती. संस्थेला आपल्या साहाय्याची यापुढे आवश्यकता नाही. शुभेच्छा. मी उत्तर दिलं नाही. उत्तर म्हणजे पुन्हा समजावणं.

प्रकाशनाला नुसतं मुखपृष्ठ दाखवलं होतं; छापलेलं पुस्तक महिन्याने आलं. वर्गातल्या एकीने दाखवलं. आतल्या पानावर माझं नाव नाही. कार्डं सगळी आहेत, माझ्याच शब्दांत. आणि ए या अक्षराखाली, एक्सप्लिकारे. उलगडणे. पुढे कंसात, लो. घडी मोडणे. लो. म्हणजे लोकभाषेत. आई आणि मी मिळून एक अक्षर, एक काना, एक मात्रा आणि एक टिंब झालो.

मॅडमचा निरोप आला त्याच सोमवारी आईने ती हिरवी साडी नेसली. इस्त्रीला. मी म्हणाले, अगं डाग पडतील. म्हणाली, "घडी तर मोडलीच हाय. आता काय ठिवून पूजा करू?" तिचं टेबल आता गेटबाहेर आहे, विजेच्या डीपीच्या पेटीशेजारी, वर निळी ताडपत्री. पार्किंगमध्ये कुंड्या आहेत. चेअरमनचे शर्ट अजून येतात. वॉचमन आणून देतो.

मी हिंजवडीतच आहे. जून येऊन गेला. कानाला यंत्र आहे. "सर, मी आपल्याला समजावून सांगते." पगार त्याचा मिळतो, तेवढं करते. मी थकलेली आहे. हे वाचून कुणाला वाटेल की व्यासपीठावर बोलल्यावर छाती भरून आली असेल, रात्री शांत झोप लागली असेल. तसं काही झालं नाही. जागा गेली ती गेली. ती मला हवी होती. अजून हवी आहे.

पण एक काम मी सोडलं आहे, कायमचं.

गेल्या आठवड्यात सिंहगड रोडच्या इस्त्रीवाल्यांचं नवं पत्रक काढलं. सोळा टेबलं हलवली जाणार आहेत. या वेळी मी लिहिलं नाही, नुसतं उतरवून घेतलं. ज्या बाया-माणसं जे बोलली ते, जसं बोलली तसं. हाय, न्हाई, म्हंजी, सगळ्यांसकट. आमच्याच संघटनेतला एकजण म्हणाला, "कंटेंट भारी आहे गं, पण खाली चार ओळी प्रमाण मराठीत सारांश दे. ऑफिसर लोकांना कळायला नको?"

मी म्हणाले, सारांश नाही. ऑफिसर लोकांना कळत नसेल तर त्यांनी शिकावं. मी शिकले. आईला हाकलणारा एक शब्द कळावा म्हणून मी दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा शिकले, विभक्त्या पाठ केल्या, उच्चार घासून घेतले. त्यांना फक्त धायरीपर्यंत यायचं आहे.

यापुढे मी मागण्या मांडीन. भांडेन. लागेल तिथे लॅटिनसुद्धा बोलेन, स्तान्दीच्या शुद्ध उच्चारासह. पण आईच्या आणि कुणाच्या मधे उभी राहणार नाही. बँकेत नाही, कोर्टात नाही, सभेत नाही. या कागदावरही नाही.

त्या दिवशी आई काय म्हणाली, त्याचा अर्थ काय, असं मला बरेचजण विचारतात. चांगले लोक असतात. त्यांना खरंच समजून घ्यायचं असतं.

ती काय म्हणाली ते वर लिहिलं आहे. मराठीत आहे. पुन्हा वाचा.